हाकेला येतो

"'हाकेला येतो' असं तुम्हीच लिहिलंय ना, काका?" ताईंनी कुत्र्याचा दत्तक-फॉर्म कंडक्टरच्या पुढ्यात टाकला.

कंडक्टरने चष्मा सारखा केला. अक्षर त्याचंच होतं. 'हाकेला येतो का?' ह्या रकान्यात 'येतो, लगेच' असं लिहून खाली ठसठशीत रेघही ओढलेली.

"मीच लिहिलंय."

"मग येत का नाही? टेलरबाईंचा सकाळपासून तिसरा फोन आहे. काल संध्याकाळी दार उघडं राहिलं आणि पोस्ट्या निसटला. गल्लीच्या टोकाला लाकडाची वखार आहे, तिथे बसलाय. दिसतो, पण हाक मारली की आणखी आत जातो. वखारीच्या मागे मोठा रस्ता आहे. ट्रक जातात तिथून."

"जाळी घेऊ?"

"जाळी बघितली तर तो सरळ ट्रकखाली जाईल. तुम्हीच चला. तुमच्याकडे येतो तो."

कंडक्टरला नाव होतं, पण एकतीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडल्यावर ते कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर बायकोनेच त्याला ह्या संस्थेत आणून सोडला. घरात बसून माझ्या डब्यांची झाकणं तपासत बसू नका, असं तिचं म्हणणं. संस्था म्हणजे तरी काय, गॅरेजमागची पत्र्याची शेड, अकरा पिंजरे, ताई, आठवड्यातून दोनदा येणाऱ्या डॉक्टरीणबाई आणि हा. रस्त्यावरची मार खाल्लेली, भाजलेली, पाय मोडलेली कुत्री आणायची, बरी करायची आणि कोणाच्या तरी घरी द्यायची. जिथे सापडलं तेच कुत्र्याचं नाव. एक टाकी होती, एक गॅरेज होता, एकीला सगळे दोन नंबर शाळा म्हणायचे. पोस्ट्या पोस्ट ऑफिसच्या मागे सापडला. पाठ उकळत्या पाण्याने सोललेली. दोन आठवड्यांपूर्वीच तो टेलरबाईंच्या घरी गेला होता.

आठ महिन्यांपूर्वी बायको गेली आणि तेव्हापासून कंडक्टरला काही वाटेनासं झालं. दुःख झालं म्हणावं, तर रडू यायला हवं ना. लोक भेटायला आले, त्यांना ह्यानेच चहा करून दिला. पाचव्या दिवशी शेडवर येऊन पिंजरे धुतले. मुलीने फोनवर विचारलं, "बाबा, तुम्ही ठीक आहात ना?" तर म्हणाला, "हो, आज पाणी वेळेवर आलं." पोरगी फोन धरून रडत राहिली आणि हा तिचं रडणं आटपायची वाट बघत उभा.

गंमत अशी, की शेडमध्ये ह्या कोरेपणाचा उपयोगच झाला. सोललेलं कुत्रं बघून ताईंना भरून यायचं, डॉक्टरीणबाई संतापायच्या, आणि मार खाल्लेल्या जनावराला माणसाच्या चेहऱ्यावर ह्यातलं काहीच नको असतं. कंडक्टर थाळी ठेवायचा आणि बाजूला आपल्या तंद्रीत बसून राहायचा. दहा दिवस पोस्ट्या भिंतीला चिकटून होता. अकराव्या दिवशी उठून आला आणि ह्याच्या चपलेवर हनुवटी टेकून झोपला. ताईंनी फोटो काढला. कंडक्टरला काही वाटलं नाही. पाय मात्र त्याने तासभर हलवला नाही.

वखारीच्या दाराशी टेलरबाई उभ्या होत्या. गळ्यात मापाची टेप तशीच, डोळे सुजलेले. बाजूला फळ्यांच्या थप्पीवर त्यांचे सासरे बसले होते. आत, ओंडक्यांच्या फटीत, पोस्ट्याची तपकिरी पाठ दिसत होती.

"राजा, ये. ये ना बाळा. ये, ये."

प्रत्येक 'ये' सरशी ती पाठ वीतभर मागे जात होती.

"दोन आठवड्यांत एकदा आला नाही हो काका," टेलरबाई म्हणाल्या. "मी हाक मारली की मशीनखाली जाऊन बसतो. जेवतो, झोपतो, पण हाक मारली की संपलंच. माझंच काहीतरी चुकतंय."

"मी म्हटलं हिला, परत देऊन टाक," सासरे म्हणाले. "रागाने नाही म्हणत. त्याला आमची भीती वाटते. भ्यालेल्या जिवाला कशाला कोंडून ठेवायचं?"

ताईंनी कंडक्टरला बाजूला घेतलं. "एकदा परत आलेला आहे तो. आता आला तर दुसऱ्यांदा. मग आपण त्याला कोणाला देत नाही, तुम्हाला माहितीये."

माहीत होतं. नियमच होता तसा. दोनदा परत आलेलं कुत्रं मरेपर्यंत पिंजऱ्यात.

"ये रे राजा, ये," टेलरबाईंनी पुन्हा लाडाने म्हटलं आणि कंडक्टरला पोस्टाचा वॉचमन आठवला. तो म्हणाला होता, दोघं जण होते, लाडाने 'ये, ये' करून बोलवायचे आणि जवळ आला की पातेलं उपडं करायचे. सगळ्यांनीच ते ऐकलं होतं. हळहळले होते. गरम पाण्याची बादली त्याच्यासमोर न्यायची नाही, असं फॉर्मवर लिहिलंही होतं. शब्दाचं मात्र कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

"'ये' म्हणू नका," कंडक्टर म्हणाला. "त्याच शब्दावर भाजलाय तो."

टेलरबाईंनी तोंडावर हात ठेवला. "अगं बाई. मग काय म्हणू? तुम्ही काय म्हणता?"

"मी काहीच म्हणत नाही. मी शिरलो की तो आपोआप येतो."

"म्हणता की, काका," ताई म्हणाल्या. "रोज म्हणता. थाळ्या घेऊन शिरलात की, 'सरका पुढे, सरका पुढे'. सगळ्या कुत्र्यांना म्हणता. कपाटापाशी उभी असले तर मलाही म्हणता."

खरंच कंडक्टरला ठाऊक नव्हतं. एकतीस वर्षं जिभेवर बसलेलं, ते कधी बाहेर पडतं हे त्याचं त्यालाच कळत नसे. बायको चिडवायची, घरात तरी घंटी मारू नका म्हणून. दवाखान्यात शेवटच्या दुपारी खुर्ची कोणीतरी उचलून नेली होती. हा उभ्याउभ्याच म्हणाला, "सरक पुढे जरा." ती हातातली नळी सांभाळत सरकली, पलंगावर वीतभर जागा केली आणि म्हणाली, "बसा. गाडी रिकामीच आहे." त्यानंतर ती नीट असं काही बोललीच नाही.

कंडक्टर ओंडक्यांच्या फटीपाशी गेला. मग तो गर्दीच्या गाडीत म्हणतात तसं, कोणाकडेही न बघता, कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, "चला, सरका पुढे, सरका पुढे."

ओंडक्यांत खडखड झालं. आधी नाक आलं, मग कान. पोस्ट्या अंग चोरत, पण न थांबता आला आणि त्याच्या पोटरीला चिकटून उभा राहिला. ताईंनी पट्टा लावला.

"तुमचाच आहे तो, काका," टेलरबाई म्हणाल्या. "तुम्हीच घेऊन जा. मी नाही वाईट वाटून घेणार."

ताईंनीही मान हलवली. घर रिकामं होतं. पोटरीला कुत्र्याच्या अंगाची ऊब लागत होती. कंडक्टरला तो हवा होता. आठ महिन्यांत त्याला काही हवंसं वाटलं नव्हतं, त्यामुळे हे ओळखायलाच त्याला जरा वेळ लागला.

"हा दोन वर्षांचा आहे," तो म्हणाला. "मी एकोणसत्तर. दोनदा छातीत दुखून झालंय. मी गेल्यावर हा परत त्या शेडमध्येच येणार. चला घरी, शिकून घ्या."

टेलरबाईंचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, कापडाचे तुकडे, भिंतीवर टाचलेले कागदी नमुने. ताईंनी दार लावून पट्टा सोडला.

"सरका पुढे ना," टेलरबाई लाजत म्हणाल्या.

"'ना' नको. लाडाने नको. रागाने पण नको. गाडी भरलीये, तुमचे पाय दुखतायत आणि अजून चार फेऱ्या बाकी आहेत, असं म्हणा."

सासऱ्यांना हसू आलं. "सरका पुढे, पुढे जागा आहे," त्यांनीही म्हणून पाहिलं. बरं जमलं. पण दरवेळी पोस्ट्या कान टवकारायचा आणि यायचा तो कंडक्टरकडे. पाच वेळा झालं, सहा वेळा झालं.

"ह्याने जमायचं नाही," कंडक्टर म्हणाला. तो उठला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"सरका पुढे," मागून टेलरबाईंचा आवाज आला.

फरशीवर नखं वाजली. ओलं नाक त्याच्या घोट्याला लागलं, एकदा, पुन्हा एकदा. कंडक्टर हलला नाही. श्वाससुद्धा त्याने हळू घेतला.

"सरका पुढे."

नाक तिथेच राहिलं. मग निघालं. नखं दोन पावलं वाजली, थांबली, आणि खोलीच्या त्या टोकापर्यंत वाजत गेली. "आला गं," सासरे पुटपुटले.

"झालं काका. वळा आता," ताई म्हणाल्या.

समोर एका फ्रॉकचा नमुना टाचलेला होता. कडेला पेन्सिलने मापं लिहिलेली. छाती बावीस, उंची वीस. कंडक्टर ती वाचत राहिला.

"आणखी दोनदा म्हण, बेटा," तो भिंतीला म्हणाला. "पक्कं होऊ दे त्याचं."