मुखरूची काडी आणि देवाची मर्जी

मोहफुलं वेचायची म्हटली, की झाडाखालचा पाला आधी जाळायचा, ही आमच्या झाडीपट्टीतली जुनी खोड. जमीन साफ होते, फुलं पटकन दिसतात, आणि काडी ओढायला काही कष्ट पडत नाहीत. मात्र पेटवणारा माणूस आग विझेपर्यंत तिथे थांबतोच असं नाही. मुखरूही थांबला नव्हता.

चामोर्शीपासून बरंच आत, जंगलाला लागून असलेल्या गावात मुखरू धानाची शेती करायचा आणि रविवारी प्रार्थनाघरात ढोलक वाजवायचा. गावात थोडीच ख्रिस्ती घरं, पण उपासनेला एकही चुकायचं नाही. त्या दिवशी सकाळी त्याने आपल्या मोहाखालचा पाला पेटवला आणि न्याहारीला घरी आला. तेवढ्यात वारा सुटला. आग पाल्यातून सरकत सरकत विधवा इतवारीबाईच्या बांधावर पोहोचली. तिचा गोठा जळाला, बैलांच्या चाऱ्याची वर्षभराची तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, जळाला, नांगर जळाला. बैल चरायला गेले होते म्हणून वाचले. विझवायला सगळा गाव धावला, आणि सगळ्यांच्या पुढे कोण, तर मुखरू! पाणी वाहून वाहून त्याचे खांदे सुजले. लोकांनी त्याचं कौतुक केलं आणि त्याने ते निमूट ऐकून घेतलं. आग आली कुठून, हे कोणी विचारलं नाही. उन्हाळ्यात जंगलात आगी लागायच्याच, असं सगळेच धरून चालतात.

घरी त्याच्या बायकोने, इंदूने, मात्र ओळखलं. नवरा सकाळी कुठे गेला होता, हे तिला ठाऊक होतं.

"सांगून टाका बाईले," ती म्हणाली.

"सांगून तिचा गोठा उभा होते का? मुद्दाम थोडी लावली मी!"

"मुद्दाम नाई लावली, पण लावली ना?"

मुखरू उठून अंगणात गेला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असा त्याचा हिशेब. तो दोनदा इतवारीबाईकडे जाऊन आला, जळकी लाकडं उचलून दिली, तिच्या हातचा चहाही प्यायला. सांगायचं तेवढं राहून गेलं.

पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी उपासना होती. ईस्टरच्या आधीचे उपवासाचे दिवस. प्रार्थनाघराचे पाळकसाहेब दुसऱ्या गावी गेलेले, म्हणून मंडळीतले वडीलधारे पोचूआजा समोर बसले होते. विषय होता, देवाच्या इच्छेपुढे स्वतःला सोपवून देणं. दोन गीतं झाली. मग देवाचा अनुभव चारचौघांत सांगायची वेळ आली. आजांनी विचारलं, "कोणाले साक्ष द्यायची आहे का?"

इतवारीबाई उभी राहिली. डोक्यावरचा पदर सारखा करत ती शांतपणे म्हणाली, "मी लय विचार केला. गोठा गेला, चारा गेला. मले वाटते, देवाचीच मर्जी आहे, मी आता इथून उठावं. चंद्रपुरातला माहा भाऊ कधीचा बोलावून राह्यला. सोमवारी तो घ्यायले येते. बैल बाजारात नेतो म्हणते. देवानं आग पाठवून सांगतलं, तर मी कोण नाई म्हणणारी?"

"आमेन," दोघे-तिघे म्हणाले. मुखरूच्या तोंडून ते निघेना. ढोलकावरचे हात त्याने मांडीवर घेतले. काल शेतात ही बाई बैलांच्या पाठीवरून हात फिरवत उभी होती, ते त्याने पाहिलं होतं. तिच्या नवऱ्याने वाढवलेली ती जोडी. आणि आता ती गाव सोडायला निघाली होती, कारण देवाने सांगितलं म्हणे.

पोचूआजा तिच्याकडे वळले. मग म्हणाले, "बाई, आपलं दुःख देवाच्या हाती द्यावं, हे खरं. पण जे जे घडलं ते सारं देवानंच केलं, असं काऊन म्हणाचं? कुंपण आपण लावलं नाई, अन् ढोरानं धान खाल्लं, तर ती का देवाची मर्जी? क्रुसावर जायच्या आदल्या राती येशू बागेत म्हणे, बापा, तुह्या मनासारखं होऊ दे. तेव्हा त्यानं सारं स्वतःच्या अंगावर घेतलं. दुसऱ्याच्या अंगावर नाई ढकललं. आता सारे डोळे मिटा अन् देवाले पुसा, मी काय करू."

सगळ्यांनी डोळे मिटले. मुखरूनेही मिटले. 'तुझी इच्छा होवो' हे तो लहानपणापासून म्हणत आला होता, कारण ते म्हणताना त्याला कधी काही मोजावंच लागलं नव्हतं. आज पहिल्यांदा त्याने विचारलं, आणि उत्तर तर त्याला आगीच्या दिवसापासून ठाऊक होतं. त्याला फार लाज वाटली. तो उभा राहिला.

"बाई, ती आग देवानं नाई पाठवली. मी मोहाखाली पाला पेटवला, अन् न विझवता घरी गेलो. तुमी देवाचं नाव घेऊन राह्यल्या, अन् मी इथी बसून ऐकून राह्यलो. मले माफ करा. गोठा मी बांधून देतो. चारा माह्या घरचा न्या."

इंदूने खाली मान घातली, पण तिच्या चेहऱ्यावर सुटल्याचं समाधान होतं.

इतवारीबाईने त्याच्याकडे पाहिलं. "माह्या घरी येऊन चहा पेलास, मुखरू," ती म्हणाली. मग ती खाली बसली आणि स्वतःशीच बोलावं तशी म्हणाली, "म्हणजे देवानं मले जा म्हटलंच नाई."

सोमवारी तिचा भाऊ आला तेव्हा मुखरू तिच्या बांधावर बांबू रोवत होता. बैल सावलीत उभे होते. भाऊ जेवला आणि एकटाच परत गेला. त्या उन्हाळ्यात मंडळीतल्या माणसांनी मोहाखालचा पाला जाळला नाही, खराटे फिरवून झाडला. काहींनी कुरकुर केली, कंबर दुखते म्हणून. दुखू द्या.

वाचकहो, प्रार्थनाघर असो, मंदिर असो की आपला देव्हारा, 'देवाची मर्जी' हे शब्द आपल्या सगळ्यांच्याच तोंडी आहेत, आणि फार सोयीचे आहेत. देवाला शरण जायचं तर आधी आपला वाटा कबूल करावा. आपली चूक आपण देवाच्या माथी मारतो तेव्हा ती देवाला लागत नाही. ती शेजारच्या गरिबाच्या डोक्यावर जाऊन पडते.