घटसर्पाचं पिल्लू

आजोबांना सगळे भोंगा म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायचे. आयुष्यभर बस चालवलेला माणूस. बस सुटली, पण हॉर्न काही सुटला नाही. साधं "चहा दे" म्हणाले तरी समोरच्या इमारतीतली माणसं खिडकीत यायची. अशा माणसाच्या हातात शाळेने माईक द्यावा, आता याला काय म्हणावं? पण दिला.

त्याचं झालं असं. शाळेने फाटकावर पाटी लावली : 'लस नाही, तर प्रवेश नाही.' झालं! वस्तीत सरळ दोन तट पडले. दाढीच्या दुकानात माणसं तोंडावरचा फेस वाळेपर्यंत भांडायला लागली. शेजारणी गॅलरीतून एकमेकींशी बोलायच्या बंद झाल्या, आणि न बोलता येत नाही म्हणून पुन्हा बोलून पुन्हा भांडल्या. शेवटी मुख्याध्यापिकाबाईंनी हात टेकले आणि सभा बोलावली. दोन्ही बाजूंनी एकेकाने बोलावं, मग पालकांनी हात वर करावेत, विषय संपला.

सक्ती हवी म्हणणाऱ्यांतर्फे बोलणार होते आजोबा. आणि सक्ती नको म्हणणाऱ्यांतर्फे? त्यांच्या विहीणबाई. सुनेची सख्खी आई.

विहीणबाईंचं कपडे शिवायचं दुकान होतं. तोंडात टाचण्या धरून त्या दिवसभर बोलायच्या, आणि त्यांचा एकेक शब्द त्या टाचण्यांतूनच निघाल्यासारखा लागायचा. लस वाईट असं त्यांचं मुळीच म्हणणं नव्हतं. त्यांचं भांडण पाटीशी होतं. "नाही तर नाही, ही काय बोलायची पद्धत झाली? मी गिऱ्हाईकाशी अशी बोलले तर उद्या दुकानाला टाळं लागेल!"

या दोघांची मिळून नात एकच. तिला भिंगरी म्हणायचे, कारण ती एका जागी उभी राहिलेली कुणी पाहिली नव्हती. मागची लस टोचली तेव्हा तिला ताप भरला होता. त्यापायी सुनेच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता आणि तिने धसकाच घेतला होता. पुढची लस मग 'मोठी झाली की बघू' म्हणता म्हणता राहून गेली. आता भिंगरी पहिलीत जायची, आणि प्रवेशाचा शेवटचा दिवस नेमका सभेचाच. आजोबांच्या जिवाला तीच टोचणी लागली होती. सभा राहू दे बाजूला, पोरीला आज लस मिळायला हवी आणि तिचं नाव शाळेत लागायला हवं.

त्यांनी तिला गोडीगुलाबीने कबूलही करून घेतलं होतं. सभा झाली की शेजारच्या वर्गात नर्सबाई बसणार, तिथे पटकन जाऊन यायचं.

"रडणार नाहीस ना?"

"नाही. पण तुम्ही माझा हात धरा."

"धरतो की! त्यात काय!"

म्हणाले खरे. पण खोटं कशाला बोला, सुई म्हटलं की या माणसाच्या तोंडचं पाणी पळायचं. बसपुढे म्हैस आडवी आली तरी न डगमगणारा गडी, पण दवाखान्यात शिरला की कॅलेंडरकडे तोंड करून बसायचा. ही गोष्ट घरात कुणालाच ठाऊक नव्हती, निदान आजोबांची तशी समजूत होती.

सभेला हॉल खच्चून भरला. आजोबांचा मुलगा शहाणा, एका बाजूला बाप आणि दुसऱ्या बाजूला सासू बघून त्याने त्या दिवशी जादा पाळी मागून घेतली. सून बिचारी भिंगरीला घेऊन पहिल्या रांगेत बसली, आणि कुणाकडे बघून हसावं हे न कळून जमिनीकडे बघत राहिली.

विहीणबाई आधी बोलल्या. "लस द्या. माझ्या लेकीला मी सगळ्या दिल्यात. पण आईबापांना धाकात घेऊन देऊ नका. त्यांना काय भीती वाटते ते आधी विचारा. घाबरलेल्या माणसावर पाटी उगारली की तो पळतो."

"विहीणबाई," आजोबा मध्येच गरजले, "जन्मभर लोकांना टोचून बोलता, मग आता टोचायलाच विरोध का?"

हॉलमध्ये हशा पिकला. विहीणबाई जराही हलल्या नाहीत. "मी टोचते ते विचारून टोचते, व्याही. माप घेतानासुद्धा आधी म्हणते, हात लावू का. तुम्ही कधी हॉर्न द्यायच्या आधी विचारलंत?"

या वेळचा हशा जास्त मोठा होता. आजोबांचे कान लाल झाले. मग त्यांचा नंबर आला आणि त्यांनी माईक बाजूला सारला. त्यांना तो लागतच नव्हता.

"माझ्या बाकावर एक पोरगा बसायचा," ते म्हणाले. "माझी पेन्सिल कुरतडायचा. त्याला घटसर्प झाला. घसा धरला, श्वास धरला, आणि आठवड्याच्या आत बाक रिकामा झाला. आम्हाला तेव्हा कुणी विचारायला आलं नाही की बाळांनो, तुमची काय मर्जी! आली असती लस, तर तो आज इथे माझ्याशी भांडायला बसला असता."

विहीणबाईंनीसुद्धा मान खाली घातली. एवढ्यावर थांबले असते तर सगळं सुरळीत झालं असतं. पण हा गडी थांबणाऱ्यातला नव्हे, लोक ऐकतायत म्हटल्यावर त्यांना चेव आला.

"आणि लस म्हणजे असतं काय? सांगतो! त्या घटसर्पाचं विष घ्यायचं, त्याची नांगी मोडायची, दात पाडायचे, आणि मग त्याला हळूच अंगात सोडायचं! आपलं अंग त्याला बघतं, त्याची ओळख ठेवतं, आणि पुढे खरा आला की त्याला बदड बदड बदडतं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांनी भराभर हात वर केले. नियम कायम राहिला, आजोबांनी मिशीला पीळ दिला. आणि त्या टाळ्या ओसरतायत तोच पहिल्या रांगेतून किंकाळी आली.

"मला नको अंगात साप!"

कुणी काही म्हणायच्या आत भिंगरी आईच्या हातून सुटली, स्टेजवर चढली आणि पडद्यामागे गडप झाली. सगळा हॉल पोट धरून हसायला लागला. आजोबा हसले नाहीत. सकाळपासून हसत तयार असलेली पोर, आणि तिला पळवून लावलं कुणी? भाषण ठोकून त्यांनी स्वतःच!

नर्सबाई धावत आल्या. "अगं, साप नसतो तो! आजाराचं नावच तसं आहे."

"मग नावात सर्प कशाला?" पडद्यातून आवाज आला.

नर्सबाई मुख्याध्यापिकाबाईंकडे बघायला लागल्या. मुख्याध्यापिकाबाई छताकडे.

"आणि गालगुंड? तो गुंडपण सोडणार?"

"त्याची लस तू कधीच घेतलीस की, राणी."

"म्हणजे तो माझ्यात आहे?" आवाजात थोडा अभिमान होता. पण पडदा काही हलला नाही.

मुख्याध्यापिकाबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. कार्यालय बंद व्हायची वेळ जवळ आली होती. मागून एक गृहस्थ म्हणाले, "अहो, लहान पोर आहे. दोघांनी घट्ट धरा, एका मिनिटाचं काम!"

सगळ्यांचे डोळे आजोबांकडे वळले.

"धरा ना, व्याही," विहीणबाई हळूच म्हणाल्या. "आत्ताच तर जिंकलात."

आजोबा पडद्यापाशी गेले. खाली भिंगरीची दोन पावलं दिसत होती, आणि ती पावलं अजिबात हलत नव्हती. आजवर न थांबलेली पोर भीतीने खिळल्यासारखी उभी होती. ते बघून आजोबांचा जीव कासावीस झाला. त्यांना लहानपणचा दवाखाना आठवला. कुणी गुडघे दाबले होते, कुणी डोकं, आणि काकांनी तोंडावर हात ठेवला होता, ओरडायचीही सोय नव्हती. सुई केव्हाच विसरायला झाली असती. ते हात मात्र अजून अंगावर होते.

ते खाली बसले. आणि वस्तीने कधी ऐकला नव्हता अशा बारीक आवाजात म्हणाले, "भिंगरे, कुणी धरणार नाही तुला. मी आधी टोचून घेतो. तू नीट बघ, साप येतो का."

पडद्यातून एक डोळा बाहेर आला. "खरं?"

"खरं." मग नर्सबाईंकडे बघून ते पुटपुटले, "म्हणजे... मोठ्यांना असते का ही?"

"असते की! दर काही वर्षांनी परत घ्यायची असते. तुम्ही शेवटची कधी घेतलीत?"

आजोबांनी भिंतीवर कॅलेंडर शोधलं. नव्हतं.

शेजारच्या वर्गात पहिलीच्या छोट्या बाकावर आजोबा गुडघे पोटाशी घेऊन बसले. बाही वर गेली तसा त्यांचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला. सून गडबडली. "बाबा, काय होतंय?"

"त्यांना सुईची भीती वाटते," विहीणबाई म्हणाल्या. "तुझ्या लग्नात यांच्या शेरवानीचं माप घेताना टाचणी बघून कोण मागे सरकत होतं? तेव्हाच ओळखलं मी."

"मग सभेत बोलला का नाहीत?" आजोबांनी खोल गेलेल्या आवाजात विचारलं. "माझी लाज काढायची इतकी चांगली संधी!"

"भीतीची कसली लाज?" विहीणबाईंनी स्टूल ओढलं, शेजारी बसल्या आणि त्यांचा हात हातात घेतला. "घ्यायचीय ना, व्याही? नको असेल तर उठा. कुणी काही म्हणणार नाही."

एवढं आयुष्य गेलं, पण त्यांना असं कुणी विचारलं नव्हतं. आजोबांचे डोळे भरून आले.

"घ्यायचीय," ते म्हणाले. "द्या."

भिंगरी दंडाला नाक लावून बघत होती. सुई गेली, सुई आली. साप नाही, शेपूटसुद्धा नाही. तिची चक्क निराशा झाली. मग ती दुसऱ्या बाकावर चढली आणि नर्सबाईंना म्हणाली, "आधी मला विचारा."

"देऊ का गं?"

"द्या."

आजोबांनी ठरल्याप्रमाणे तिचा हात धरला. एक 'स्स' झालं आणि संपलं. सून खुदकन हसली, मग रडली, मग अर्ज घेऊन कार्यालयाकडे पळत सुटली. मुख्याध्यापिकाबाई दारातून सगळं बघत होत्या. त्या शिपायाला म्हणाल्या, "ती पाटी उतरवा. नियम राहू दे, पण शब्द बदलू." मग विहीणबाईंकडे वळून, "तुम्हीच सांगा काय लिहायचं."

"सांगते," विहीणबाई म्हणाल्या. "आधी हे उरकू दे. नर्सबाई, माझीही राहिलीच असेल कितीतरी वर्षांची." त्यांनी ऐटीत बाही सारली. नर्सबाईंनी सुई उचलली, आणि जन्मभर सुईवर पोट भरलेल्या त्या बाईने बाही झटकन पुन्हा खाली ओढली.

"अहो, हे काय?" आजोबा थक्क झाले. "तुम्हाला सुईची भीती?"

"माझ्या हातातल्या नाही हो, दुसऱ्याच्या हातातल्या!"

आजोबांनी तोंड उघडलं. भिंगरीने कानांवर हात ठेवले. पण भोंगा वाजला नाही. त्यांनी विहीणबाईंचा हात हातात घेतला आणि अगदी हळू म्हणाले, "सक्ती नाही हं."

"गप्प बसा," विहीणबाईंनी डोळे घट्ट मिटले, "आणि हात सोडू नका."