पाठीला पाठ

मामाचं कपडे धुण्याचं दुकान होतं. मागच्या खोलीत, इस्त्री करून टांगलेल्या कोटांच्या रांगेत, त्याने मला सॅक्सोफोन शिकवला. "कोटांसमोर वाजव," म्हणायचा. "नावं ठेवत नाहीत, मधेच उठूनही जात नाहीत."

शिकवण्याची त्याची तऱ्हा न्यारी. एकाच बाकावर पाठीला पाठ लावून बसायचं, म्हणजे दुसऱ्याचा श्वास पाठीला कळतो. एका धुनेवरून आमचं रोज वाजायचं. तिची चौथी ओळ एका दमात वाजव, असा त्याचा हुकूम, आणि स्वतः मात्र मधेच थांबून श्वास घ्यायचा.

"तू थांबतोस की!"

"मी मामा आहे. तू काहीही झालं तरी थांबायचं नाहीस."

मी त्याला आळशी म्हणून चिडवायचे. त्याचं फुफ्फुस निकामी होत चाललंय, हे त्याने कुणाला कळूच दिलं नव्हतं.

मी सतरा वर्षांची असताना एका दुपारी ती ओळ मला साधली. तो नेहमीच्या जागी थांबला, मी पुढे गेले. त्याची पाठ माझ्या पाठीवर जड झाली. मला वाटलं, खूश होऊन रेलून ऐकतोय. ते वजन पेलत मी ऐटीत धून संपवली, शाबासकीसाठी उठले, आणि तो बाकावरून खाली पडला.

डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. मामी मला एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर सव्वीस वर्षं मी क्लबांत वाजवलं, जहाजांवर वाजवलं, दुसऱ्यांच्या रेकॉर्ड्सवर वाजवलं. लांब दमाची बाई म्हणून माझं नाव झालं. ती धून मी पुन्हा वाजवली नाही. तरी कुठलीही लांब ओळ एका दमात घेतली की पाठीवर ते वजन यायचं.

आता माझी स्वतःची पहिली रेकॉर्ड होत होती. मामी म्हणाली, "ती धून घाल. मी आहे तोवर एकदा ऐकू दे."

मामी काचेपलीकडे रेकॉर्डिस्टच्या शेजारी बसली. अलीकडे मी एकटीच. तीनदा वाजवली, तिन्ही वेळा चौथ्या ओळीत पाठ जड झाली आणि सूर घसरला.

"मॅडम, आता शेवटचंच हं," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "पुढचे लोक येऊन बसलेत."

चौथ्या वेळी वजन आलं, तेव्हा मी सॅक्सोफोन तोंडातून काढला. थांबले. घे मामा, म्हटलं मनात, सावकाश घे. माझ्या मागे कुणीतरी खोल श्वास घेतला. पाठ हलकी झाली. मग मी उरलेली ओळ वाजवली.

रेकॉर्डिस्टने कान टवकारले. "मधे गॅप पडली, मॅडम. आणि त्यात कुणाचा तरी श्वास आलाय. काढून टाकू?"

"हात लावू नकोस," मामी म्हणाली. "दुकानात काम करताना रोज ऐकायचे मी तो."