छपराखालची जागा

पाटोद्याला निजामाची नवी कचेरी उठत होती आणि हैदर मिस्त्रीनं सटवाला छपराखाली बसवायचं ठरवलं. पाथरवटाला याहून मोठा मान नाही. बाहेर उन्हात खडी फोडतो तो नुसता मजूर. आत गोणपाटाच्या आडोशाला, वारा न लागता कमानीचे दगड घडवतो तो कारागीर. सटवाचा हात दिवसभर मिशीवरून खाली येईना.

त्याच आठवड्यात त्याच्या लेकीची हळद होती. हळद दळायला पाच सवाष्णी हव्यात, म्हणून बायको दगडाबाई पालापालांतून निघाली. आता मान मिळालाय, तर कारागिरांच्या घरच्याच बायका बोलवाव्यात, असा तिचा तोरा. पहिल्या पालातलीचं कपाळ मोकळं. दुसरीचंही तसंच. तिसरीचा नवरा होता, पण बाजेवर पडून धापा टाकत होता. "माझं काय खरं न्हाई, बाई. दुसरी बघ," ती म्हणाली. शेवटी पाचही सवाष्णी मिळाल्या त्या खडी फोडणाऱ्यांच्या. त्यातल्या छबुबाईचा म्हातारा तर साठीतही घण मारत होता.

जात्यावर दगडाबाईचा हात चालला होता, पण जीव थाऱ्यावर नव्हता. हळद उरकताच तिनं नवऱ्याला गाठलं.

"आत नगा बसू. तिथली धूळ माणूस खाती."

"मला काय म्हाईत न्हाई व्हय? माझा बाप तिथंच बसायचा. पर मेला तवा सारा गाव म्हणला, कारागीर गेला. छबुबाईचा म्हातारा मेल्यावर कोण काय म्हणंल?"

नवऱ्याला ठाऊक नसेल, या आशेवर ती होती. त्याला सगळं ठाऊक होतं. तिला लई राग आला, आणि रडूही.

लग्न पार पडलं आणि सटवा छपराखाली बसला. दुपारी दगडाबाई भाकरी घेऊन आली. आत इतकी धूळ की पागोट्यांचे रंग ओळखू येईनात. एकेक हातोडा थांबत गेला. तिच्या कपाळाला कुंकू नव्हतं, हातात बांगड्या नव्हत्या.

"अगं, मी जिता हाय!" सटवा ओरडला.

"व्हय. पर पुढं पुसायचंच हाय, म्हणून आत्तापासनं सवय लावते. तुमी बसा, काम खोळंबाया नगं."

कुणी हसलं नाही. हैदर मिस्त्री खाली बघत राहिला. सटवानं छिन्न्या गोळा केल्या आणि बाहेर जाऊन छबुबाईच्या म्हाताऱ्याशेजारी उन्हात बसला. त्यानं बायकोशी अबोला धरला. धरीना का! अबोला धरायला तरी नवरा घरात होता.

जागा काही रिकामी राहिली नाही. दुसऱ्याच दिवशी तिथं बंकट बसला. बाविशीचा गडी, लग्नाला महिना झालेला. संध्याकाळी त्याची बायको नवं लुगडं नेसून पालापालांतून गूळ वाटत आली.

"मावशी, आमच्या घरी मान आला," ती म्हणाली आणि दगडाबाईच्या तळहातावर खडा ठेवला.

दगडाबाईनं बोलायला तोंड उघडलं. पोरीचं हसू बघून तिच्यानं बोलवेना. तिनं गूळ तोंडात टाकला आणि म्हणाली, "लई गोड हाय."