पिवळा दोरा

माझी बायको कुमुद पौषात गेली. तिने शिवलेलं शेवटचं ब्लाउज गंधालीचं होतं.

गंधाली आमच्याच पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, रायपूरच्या गुढ़ियारीची. आज छत्तीसगढ़ी सिनेमाची तिकिटं तिच्या नावावर विकली जातात, पण कपडे कायम कुमुदकडेच. मालधक्क्यावरची नोकरी संपल्यावर मी कुमुदच्या मशीनशेजारी बसून हुक लावायचो. शिलाई मला येत नाही.

फाल्गुनात गंधाली आपला सिनेमा घेऊन युरोपात गेली. तीन आठवडे, चार देश, शेवटी प्रागला महोत्सव. तिथे मंचावर हेच ब्लाउज घालेन, असं ती कुमुदच्या फोटोसमोर सांगून गेली. मी त्या दिवसाची वाट पाहत होतो. वाट पाहण्यासारखं दुसरं काही माझ्याकडे उरलं नव्हतं.

इकडे सरकार डळमळलं. आमदारांना बसमध्ये भरून दुसऱ्या राज्यात नेलं. राजधानीत, नवा रायपूरला मोर्चे, दगडफेक, मग नेट बंद.

शेजारचे नीलकंठ फाटकातूनच म्हणाले, "वासुदेवभाऊ, राज्य पेटलं अन् तुमची हिरॉइन तिकडे बर्फात फोटो काढून राहिली."

"तिनं इथं येऊन का आमदार मोजायचे?" मी म्हणालो.

महोत्सवाच्या दिवशी, रात्री साडेनऊला, साधा फोन आला.

"काका, ब्लाउज बसूनच नाही राहिलं."

"काहून?"

"तीन आठवडे पाव अन् चीज खाल्लं ना! दोन बोटं कमी पडते. निर्माते म्हणते, भाड्याचा गाऊन घाल. दोनच तास आहेत."

"मग बगलेत उसव ना."

"भीती वाटते काका. काकूच्या हातचं शेवटचं आहे. फाटलं तर?"

मी मशीनकडे पाहिलं. कुमुद गेल्यापासून तिच्या मशीनच्या सुईखालचं कापडसुद्धा मी काढलं नव्हतं. आणि आता तिची शिलाई तोड, असं मीच सांगत होतो.

मशीनजवळ दोन रिळं तशीच पडली होती. एक हिरवं, एक पिवळं. ब्लाउज हिरवं होतं. तेव्हा मी कुमुदला हटकलं होतं, "हिरव्यावर पिवळा दोरा काहून?" ती म्हणाली होती, "आतून आहे, कोण पाहते? बाई अंगानं भरली का सोडायची शिलाई पटकन सापडली पाहिजे."

"गंधाली, ब्लाउज उलटं कर. बगलेत दोन शिलाया दिसते का?"

"हव. एक हिरवी, एक पिवळी."

"पिवळी अंगाकडे आहे का?"

"हव."

"तेच काढ. टाका लांब आहे. एका टोकाशी तोड अन् ओढ. हिरव्याले हात नको लावू."

मी पिवळं रीळ मुठीत धरून उभा होतो.

"काका! अख्खा दोरा एका झटक्यात हातात आला!"

"आता दुसरी बगल."

मग ती एकेक हुक मोठ्याने मोजत गेली. सहाही लागले.

"हात वर कर," मी म्हणालो. "दोन्ही."

"काहून?"

"बक्षीस मिळालं तर वर करशील ना!"

ती खदखदून हसली. "ब्लाउज तसूभरही नाही हललं, काका!"

तिसऱ्या दिवशी नेट सुरू झालं. त्याच दिवशी नव्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधी होता. पाऱ्यात फटाके वाजत होते, कार्यकर्ते पेढे वाटत होते. माझ्या फोनवर गंधालीचा फोटो आला. सर्वोत्कृष्ट अभिनेत्री. दोन्ही हात वर, हातात बक्षीस. मी फोटो मोठा करून आधी तिची बगल पाहिली. शिलाई सरळ होती, कुठेही ताण नव्हता.

मी सायकल काढली आणि गोल बाजारातून दोन किलो पेढे आणले. पहिला कुमुदच्या फोटोपुढे ठेवला. मग पाऱ्यात निघालो.

नीलकंठांनी पेढा तोंडात टाकला. "हे कोणत्या पार्टीचे?"

"आमच्या घरचे," मी म्हणालो आणि फोन त्यांच्यापुढे धरला. "हे ब्लाउज पाहा. कुमुदनं शिवलं."