न मिटणारे हसू

मित्रांनो, मला पाहून दचकू नका. सिनेमाच्या सामानाच्या खोलीत, फुटक्या कंदिलाशेजारी खिळ्याला टांगलेला मी एक जुना रबरी मुखवटा आहे. तुम्हाला चेहरा देवाने दिला. तो हसतो, रडतो, लाजतो. मला तो माणसाने दिला आणि तो नुसताच हसतो. लाजेने मी अर्धा झालो आहे, पण ती लाजही माझ्या तोंडावर दिसायची नाही. म्हणून सांगतो, कान देऊन ऐका.

मला एका मुखवटेवाल्या बाईंनी घडवले. मातीचा साचा केला, त्यात पातळ रबर ओतले, सावलीत वाळवले. तेव्हा माझे तोंड मिटलेले होते आणि डोळे भयंकर. दिग्दर्शक आले आणि मागे सरकले.

"बाई, हा तर खरंच घाबरवतोय! आपण त्या खुनाखुनीच्या सिनेमांची टिंगल करतोय. ह्याला हसवा."

बाईंनी पाते घेतले आणि माझे तोंड कानापर्यंत नेले. त्या दिवसापासून मी हसतोच आहे.

सिनेमा मोठा गमतीचा होता. रिकाम्या घरात मुखवटेवाला खुनी येतो आणि एकेकाला गाठतो, असे सिनेमे तुमच्या मोठ्या भावंडांनी पाहिले असतील. आमच्या सिनेमातल्या मंडळींनीही ते पाहिलेले! "तळघरात जाऊ नका, अशा सिनेमात तिथे जाणारा आधी मरतो," असे एकजण बजावायचा आणि टॉर्च आणायला स्वतःच तळघरात उतरायचा. खुनी मेला, की कोणीतरी म्हणायचे, "थांबा, हा पुन्हा उठणार." आणि तो उठायचाच. पुन्हा मरायचा, पुन्हा उठायचा.

तो खुनी म्हणजे आमचे काका. मोठे मायाळू. मला घालण्याआधी हात जोडून म्हणायचे, "चल बाबा, चार माणसांना हसवू." दृश्य संपून "कट" ऐकू आले, की बाकीचे नट टोप, दाढ्या उतरवून वारा घेत. काका मला उतरवत नसत. छातीवर हात ठेवून, आचके देत, ते आपल्या पदरचे एक जादा मरण मरत. दिवे धरणारेसुद्धा पोट धरून हसत.

"काका, अजून किती वेळा मराल?" किंचाळी विचारायची. किंचाळी म्हणजे नायिका. ओरडण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते, म्हणून हे नाव पडले.

"तू ओरडून दमेपर्यंत, पोरी!" हे काकांचे ठरलेले उत्तर.

एका दुपारी जिन्यावरचे दृश्य होते. दिवे तापलेले. "कट" झाले. काकांनी छातीवर हात ठेवला, पायरीवर बसले आणि आडवे झाले. हशा पिकला.

"वा काका! आजचं मरण फक्कड!" दिग्दर्शक ओरडले.

मित्रांनो, मी त्यांच्या गालाला चिकटलेलो होतो. रोजचा गरम घाम आज गार लागला. "काढा... काढा हे," ते पुटपुटत होते, पण शब्द माझ्याच रबरात घुसमटले. मला हाक मारायची होती. मी मात्र कानापर्यंत हसत होतो, आणि माझ्याकडे बघून लोक आणखी हसत होते.

"काका, अजून किती वेळा मराल?" किंचाळीने विचारले.

उत्तर आले नाही. तिने पुन्हा विचारले. तरी नाही.

"गप्प बसा सगळे! काही तरी झालंय!" ती किंचाळली. लोक अधिकच हसले. ती ओरडली की हसायचे, ही सवयच जडली होती. मग ती ओरडली नाही. गुडघ्यांवर बसली. माझ्या दोरीची गाठ सुटेना, तेव्हा तिने दोरी दातांनी तोडली आणि मला भिरकावून दिले.

काकांचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो दिसताच सगळ्यांचे हसू थांबले. मी जिन्याखाली उताणा पडलो होतो; माझे तेवढे थांबले नाही.

काकांना तातडीने इस्पितळात नेले. ते वाचले. देवाची कृपा, आणि त्या पोरीच्या दातांची.

बरे होऊन ते आले, तेव्हा दिग्दर्शकांची मान वर होईना. "काका, आम्ही हसत बसलो हो."

"अरे, सवय मीच लावली होती. आता मीच मोडतो," काका म्हणाले. तेव्हापासून "कट" झाले, की आधी मुखवटा वर. किंचाळी चेहरा न्याहाळून विचारायची, "बरे आहात ना?" काका मान डोलवायचे. मगच सगळे हसायचे.

सिनेमा लागला, माझे कौतुक झाले, आणि मग मी या खिळ्यावर आलो. रबर तडकले आहे, गालांवर धूळ साचली आहे. ओल्या फडक्याने कोणी पुसले तर बरे वाटेल. पण माझे मागणे वेगळेच आहे. खेळता खेळता मुखवटा घातलेला तुमचा सोबती खाली पडला, तर माझ्या हसण्यावर विश्वास ठेवू नका. आधी मला वर उचला. खालचा चेहरा हसत असेल, तर हसा पोटभर. तेवढा वेळ मलाही माझ्या तोंडाची लाज वाटणार नाही.