तीन चमचे पावडर आणि पाद्यपूजा

गंगाखेडात ईश्वरअप्पांचं खत-बियाणांचं दुकान. गिऱ्हाइकाला एका पोत्याच्या जागी दोन घ्यायला लावण्यात माणसाची उभी हयात गेली. असला माणूस डब्यावर छापलेलं माप पाळील, अशी आशा त्यांच्या बायकोनं, मल्लम्मानं धरली, तिथंच तिचं चुकलं.

डबा पुण्याहून भाच्यानं, शिवकांतनं पाठवला होता. गुडघ्यांसाठी पेप्टाइडची पावडर, तीही वाटाण्यापासून केलेली. डब्यावर हिरवा ठिपका. लिंगायताच्या घरात आधी ठिपका बघतात, मग नाव.

"वाटाणाच खायाचा होता तर मी आमटी केली असती की," मल्लम्मा म्हणाली.

पण मनातून तिलाही घाई होती. सोमवारी मठाचे महाराज गावात येणार होते आणि पाद्यपूजेचा मान यंदा या घराला होता. जोडप्यानं पाटावर मांडी घालून बसायचं आणि महाराजांच्या पायांवर पाणी घालायचं. पस्तीस वर्षं मल्लम्मानं दुसऱ्यांच्या पूजेत मागं बसून ताटं पुसली होती. तिला एकदा पुढं बसायचं होतं, बस्स. आणि अप्पांचे गुडघे दोन वर्षांपासून वाकायला तयार नव्हते. खुर्चीवर बसा म्हटलं की पित्त खवळायचं. ते बसले नाहीत तर मान त्यांच्या धाकट्या भावाकडं, राजेश्वरकडं, म्हणजे त्याच्या बायकोकडं, धनश्रीकडं जाणार. तिनं तर नवं इरकल लुगडं आणूनसुद्धा ठेवलं होतं.

डब्यावर लिहिलं होतं, पहिला आठवडा अर्धा चमचा, जेवणानंतर. अप्पांनी तीन चमचे घेतले. तेही अनशापोटी, कारण लिंगपूजा झाल्याबिगर ते पाण्याचा थेंब तोंडात घेत नसत, आणि पूजा झाली की त्यांना दम निघत नसे. वर म्हणाले, "पेरणीचा डोस भारीच लागतो."

पहिल्या दिवशी नुसते ढेकर. दुसऱ्या दिवशी पोट नगाऱ्यागत फुगलं, आणि अप्पा बसतील त्या खोलीतल्या माणसांना अचानक बाहेरची कामं आठवायला लागली. तिसऱ्या दिवशी संडासच्या खेपा सुरू झाल्या. मल्लम्मानं शिवकांतला फोन लावला.

"मामी, सुरुवातीला व्हतं तसं. गॅस, जुलाब. कमी मापानं घेतलं की पोट हळूहळू सरावतं. पण मामा घ्यायलेत किती?"

"तीन चमचे."

"आधी बंद करा ते."

"आन् गुडघे?"

"मामी, तीन दिवसांत गुडघे कशानंच बरे व्हत न्हाईत."

मल्लम्माला रडूच आलं. तिनं अप्पांना सांगून बघितलं. ते म्हणाले, "रोग बाहेर पडायलाय." सोमवारी पहाटेही तीन चमचे गेले.

मांडव भरला होता. सकाळच्या गाडीनं आलेल्या शिवकांतनं मामांना काखेत धरून पाटावर बसवलं. उजवा पाय वळला, डावा अर्धाच. शेजारी मल्लम्मा, हातात तांब्या. मंत्र म्हणणाऱ्याचा माइक नेमका अप्पांच्या पोटाजवळ होता. दुसरा मंत्र संपला आणि अप्पांचं पोट जे गुरगुरलं, ते भोंग्यातून गल्लीच्या टोकापर्यंत गेलं.

अप्पांना दरदरून घाम फुटला. "न्हाई थांबत," ते पुटपुटले.

"जावा मग," ती म्हणाली. राग असा आला होता की तांब्या त्यांच्याच डोक्यात घालावा.

अप्पा शिवकांतच्या खांद्यावर रेटा देऊन उठले आणि धोतर सावरत पळाले. सगळा मांडव खो-खो हसला. राजेश्वर पुढं सरकला. "वहिनी, खोळंबा नको. आमी बसतो."

धनश्री पदर खोचून उभीच होती. मल्लम्मानं रिकाम्या पाटावर हात ठेवला. "बसायचं असंल तर माझ्या हातावर बसा, भाऊजी."

महाराजांनी मंत्र म्हणणाऱ्याला थांबायची खूण केली आणि डोळे मिटून घेतले. जराशी दाढी हलली, ती हसण्यानं की कशानं, देव जाणे.

मल्लम्मा वाट बघत बसली, पण तिला पक्कं ठाऊक होतं की हा माणूस येत नाही. कुणी एकदा हसलं तर अप्पा त्या गल्लीनं वर्षभर जात नसत. इथं तर अख्खं गाव हसलं होतं. मागच्या दारानं दुकान गाठलं असणार आणि कुलूप आतून लावलं असणार. पाटावरच्या हाताला मुंग्या आल्या तरी तिनं तो उचलला नाही.

पाऊण तासानं अप्पा आले. नव्यानं आंघोळ केलेली, धोतर ओलं, कपाळाला ताजी विभूती. डावा पाय ओढत चालत होते. मागं कुणीतरी पुन्हा खिदळलं. शिवकांत धरायला धावला, त्याला त्यांनी हातानं मागं सारलं. पस्तीस वर्षांत चारचौघांत या माणसानं बायकोला पाणीसुद्धा तोंडानं मागितलं नव्हतं. नुसतं तांब्याकडं बोट दाखवायचे.

"मल्लम्मा," ते म्हणाले, "हात दे. मला एकट्याला न्हाई बसता येत."

माइक चालूच होता. सगळ्यांनी ऐकलं.

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, एकात तांब्या, दुसऱ्यात अप्पांचा हात. अप्पा तिच्या आधारानं कण्हत खाली बसले, डावा पाय बाजूला लांब ठेवून. मग दोघांनी एकाच तांब्यानं महाराजांच्या पायांवर पाणी घातलं.